ठकीच्या एका केसाचा फोटो

"शाळेच्या चिठ्ठीवर सही करायची असते, तिला उत्तर द्यायचं नसतं," असं ताईने फोनवर तीनदा बजावलं होतं. ताई म्हणजे ठकीच्या आईची थोरली बहीण. ती एका कचेरीत आवक-जावक विभागात बसते, आणि कागद कसा जन्मतो, कशावर पोसतो आणि कशाने मरतो हे तिच्याइतकं जवळून फार कमी लोकांनी पाहिलं असेल. तिचा सिद्धांत असा, की आलेल्या कागदाला उत्तर दिलं नाही तर तो आठवडाभरात आपोआप निवतो. उत्तर दिलं की त्याला क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळालेला कागद माणसापेक्षा जास्त जगतो.

ठकीच्या आईने "बरं बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि अडीच पानी उत्तर लिहिलं.

मूळ चिठ्ठी एवढीशी होती. छापील, रिकाम्या जागी शाईने ठकीचं नाव भरलेलं. 'आपल्या पाल्याच्या केसांत लिखा आढळल्या आहेत. योग्य ते उपचार करावेत. नर्सबाईंच्या फेरतपासणीपर्यंत पाल्यास वर्गात वेगळ्या बाकावर बसवण्यात येईल.' खाली पालकांच्या सहीसाठी एक रेघ. दुसऱ्या कुठल्याही आईने त्या रेघेवर सही केली असती, डोक्याला औषध चोपडलं असतं आणि गुरुवारच्या फेरतपासणीत पोरगी मोकळी झाली असती.

पण ठकीच्या आईचं तसं नव्हतं. एक तर ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर, आणि दुसरं म्हणजे ठकी ही तिची पहिली आणि एकुलती मुलगी. ठकी जन्मल्यापासून तिने एक वही ठेवलेली आहे. तिच्यात दात, ताप, शिंका आणि 'आज डावा डोळा जास्त चोळला' अशा नोंदी आहेत. ज्या डोक्यावर सहा वर्षं रोज पहारा दिला, त्या डोक्यात आपल्या नकळत कोणीतरी येऊन संसार थाटतं, ही कल्पनाच तिला सहन होईना. पांढरे ठिपके होते, हे ती नाकारत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की तो कोंडा आहे. कोंडा केसावरून सरकतो. लीख एका बाजूला चिकटलेली असते, ती सरकत नाही. हे तिने नखाने करून पाहिलं. काही ठिपके सरकले, काही सरकल्यासारखे वाटले आणि काहींच्या बाबतीत ठकीच सरकली. ठकी एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त बसत नाही, आणि तीन सेकंदांत विज्ञान होत नाही.

अडीच पानांत तिने हे सगळं मुद्देसूद मांडलं, आणि शेवटी 'कोणत्या तपासणीच्या आधारे लिखा ठरवल्या, ते कृपया कळवावे' असं विचारलं. पत्र वाचून तिला स्वतःलाच बरं वाटलं. पदवीनंतर पहिल्यांदाच कोणाला तरी ती पदवी दाखवता आली होती.

तिसऱ्या दिवशी शाळेचं उत्तर आलं. वर क्रमांक होता.

'आपण लेखी हरकत नोंदवली असल्याने सदर बाब आता फेरतपासणीच्या कक्षेत राहिलेली नाही. ती आरोग्य समितीपुढे ठेवण्यात येईल. समितीची सभा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी होते. आपले म्हणणे छायाचित्रासह सादर करावे. निर्णय होईपर्यंत पाल्याची बैठकव्यवस्था आहे तशीच राहील.'

शेवटचा शनिवार एकोणीस दिवसांवर होता.

"मिळाला क्रमांक?" ताईने विचारलं.

"मिळाला."

"अभिनंदन. आता तो तुझ्या नातवंडांनाही ओळखेल."

ठकीचा बाबा शांत माणूस आहे. त्याने फक्त स्वतःचा कप स्वतः धुतला, आणि जरा जास्त वेळ धुतला.

ठकीला मात्र काही वाटलं नव्हतं. "मला अख्खा बाक मिळालाय," ती घरी येऊन म्हणाली. "खिडकीजवळचा. मी आडवीसुद्धा होऊ शकते." तिची बाकावरची जोडीदारीण, दोन वेण्यांची, आता पलीकडच्या रांगेत दुसऱ्या कोणाबरोबर बसत होती. हे ठकीने सहज सांगितलं आणि ती खेळायला पळाली. आईने ते वहीत लिहिलं.

आता प्रश्न छायाचित्राचा होता. तिने शाळेच्या कार्यालयात फोन करून विचारलं, फोटो कसा हवा.

"रंगीत, दोन प्रती, मागे पालकाची सही," कारकून म्हणाला. "आणि चेहरा स्पष्ट दिसायला हवा."

"चेहरा? कोणाचा?"

"छायाचित्रातला जो असेल त्याचा. नियमात तसंच आहे."

"अहो, पण फोटो लिखेचा आहे."

कागद चाळल्याचा आवाज आला. "लिखेसाठी वेगळा नियम नाही, बाई."

घरात एक चांगला कॅमेरा होता. ठकी झाली तेव्हा बाबाने हौसेने घेतलेला, लेन्स बदलता येणारा. ठकी रांगायला लागल्यावर तिच्यामागे आणि कॅमेऱ्यामागे एकाच वेळी धावणं जमेना, म्हणून तो कपाटात वरच्या फळीवर गेला होता. आईने तो काढला, पुसला आणि ठकीच्या भांगावर रोखला. कॅमेऱ्याने गुरगुरत पुढे-मागे केलं आणि शेवटी मागच्या पडद्याचा सुरेख फोटो काढला. ठकीचं डोकं पुढे धुक्याच्या डोंगरासारखं दिसत होतं. त्यालाही जवळचं दिसत नव्हतं.

मग तिने वाचायला घेतलं. चार दिवसांत तिला जे कळलं ते असं. बारीक वस्तू जेवढ्यास तेवढी कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर उतरवणारी वेगळी लेन्स असते, तिला मॅक्रो म्हणतात. ती चाळीस मिलिमीटरची असते, साठची असते, शंभरची असते. चाळीसची घेतली तर वस्तूच्या दोन बोटांवर जावं लागतं, आणि मग लेन्सचीच सावली पडते. शंभरची घेतली तर जवळजवळ वीतभर लांब राहता येतं, आणि समोरचा जीव बिचकत नाही. इतर सगळीकडे जवळची जागा महाग असते. नाटकात पाहा, नाहीतर घर घ्यायला जा. इथे मात्र लांब राहायचे पैसे पडतात. ठकीसारखी वस्तू असेल तर शंभरच्या खाली जाऊ नये, अशा निष्कर्षाला ती आली. शंभरच्या लेन्सची किंमत तिने नवऱ्याला सांगितली नाही, नुसती दाखवली.

"यात फ्रिज येतो," तो म्हणाला.

"फ्रिजने फोटो निघतो का?"

"नाही. पण भाजी टिकते."

म्हणून स्वस्तातले मार्ग सुरू झाले. पहिला मार्ग मोबाइलला चिमट्याने लावायच्या भिंगाचा होता. भिंग सदऱ्याच्या बटणाएवढं. ते बोटभर अंतरावर नेलं तरच दिसतं, आणि बोटभर अंतरावर मोबाइल आला की उजेड जातो. आईने श्वास रोखून ठकीच्या कानामागे मोबाइल टेकवला.

"आई, तू मला हुंगतेयस?"

"हलू नकोस."

"मग मी तुला हुंगू?"

फोटोत काळंकभिन्न रान आलं. नवऱ्याने मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "वाघ नाही दिसत कुठे."

दुसरा मार्ग नळ्यांचा. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये नळी बसवली की लेन्स पुढे सरकते आणि आहे तीच लेन्स बारीक वस्तू मोठी दाखवायला लागते. लेन्सच्या मानाने नळ्या फारच स्वस्त. पार्सल आलं तेव्हा नवऱ्याने एक नळी डोळ्याला लावली, तिच्यातून बोट आरपार घातलं आणि विचारलं, "यातली काच कुठंय?"

"काच नसतेच."

"म्हणजे आपण पोकळी मागवली?"

"पोकळीच. पण मापाची."

मापाची होती खरी, पण दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याच्या मापाची. त्यांच्या कॅमेऱ्याच्या तोंडावर ती बसेना. परत पाठवण्यासाठी फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली, "खोकं उघडलेलं आहे ना तुम्ही?"

"उघडल्याशिवाय कळणार कसं?"

"आतलं काही कमी झालंय का?"

"आत काहीच नव्हतं हो! नुसत्या नळ्या आहेत. पोकळ."

"मग रिकामं खोकं आम्ही परत घेत नाही."

हे सगळं जिन्यात, दार उघडं ठेवून चाललं होतं, आणि त्यामुळे मोजणीकाकांनी ऐकलं. मोजणीकाका वरच्या मजल्यावर राहतात. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले तरी जिना उतरताना पायऱ्या मोजतात, आणि एकही पायरी कधी कमी भरलेली नाही याचं त्यांना अजून समाधान वाटतं.

"काय मागवलंत, ठकीच्या आई?"

आता खरं सांगायचं तर 'लीख' हा शब्द जिन्यात उच्चारावा लागला असता. जिन्यात उच्चारलेला शब्द या इमारतीत कोणत्या वेगाने वर चढतो हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "फुलांचे फोटो काढावे म्हणतेय. जवळून. छंद हो, काका."

मोजणीकाकांचे डोळे चमकले. "एकास एक?"

"हो, तसंच."

"वा! आम्ही आयुष्यभर जमिनी लहान करून कागदावर बसवल्या. पाचशेला एक, हजाराला एक. एकास एक म्हणजे नकाशा जमिनीएवढा! कोणी करूच दिला नाही कधी." आणि हातातली पिशवी तिथेच ठेवून ते वर गेले ते आपली जुनी तिवई घेऊन खाली आले. निवृत्तीच्या वेळी खात्याने भंगारात काढलेली ती लाकडी, पितळी स्क्रूंची, माणसाच्या छातीएवढी तिवई त्यांनी घरी आणून आजवर तेल लावून सांभाळली होती. "हात हलला की संपलं. बारीक कामात श्वाससुद्धा हलतो. ही घ्या."

तिवई दिवाणखान्यात मांडली आणि दिवाणखाना संपला. तिच्या तीन पायांना वळसा घालून स्वयंपाकघरात जावं लागे. ठकीने तिच्यावर चादर टाकून खाली घर केलं. मोजणीकाका रोज संध्याकाळी एक कुंडी घेऊन येऊ लागले आणि आपलं फूल कॅमेऱ्यापुढे ठेवून, हात मागे बांधून उभे राहू लागले. तसली लेन्स नसताना फुलाचा फोटो काढल्यासारखं करणं हे किती कष्टाचं काम आहे ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. ठकीची आई बटण दाबायची, मान हलवायची, "उजेड कमी पडतोय" म्हणायची. काका दुसऱ्या दिवशी आपल्या घरचा टेबललॅम्प घेऊन आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तळमजल्यावरच्या सभागृहात प्रदर्शन भरवायची कल्पना मांडली, आणि चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आपल्या अंगठीतला खडा खरा आहे का ते 'फुलाच्या मशीनवर' बघून द्या म्हणून आल्या.

यात बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी ठकीने डबा न खाता परत आणला.

"का गं? पोटात दुखतंय?"

"नाही. आज मी खिडकीला गोष्ट सांगितली."

"खिडकीला?"

"हो. पण ती नीट ऐकत नाही." आणि ठकी चादरीखालच्या घरात जाऊन बसली.

आईने वही उघडली, पण लिहायला काही सुचेना. मागच्या आठवड्यातच फेरतपासणी होऊन गेली असती. एका रेघेवर सही, एवढंच काम होतं. औषध आणून ठेवलेलं होतं. ते न लावण्याचं कारण असं, की औषध लावणं म्हणजे कबूल करणं. ती स्वयंपाकघरात गेली, औषधाची बाटली पुढे-मागे केली आणि पुन्हा कपाटात ठेवली. मग कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवून ती दुरुस्तीवाल्याकडे निघाली.

दुरुस्तीवाल्याचं दुकान एका जिन्याखाली आहे. आत एक माणूस, एक टेबल आणि भिंतभर मेलेले कॅमेरे. एका डोळ्याला भिंग लावलेलं. ते न काढता तो उरलेल्या डोळ्याने गिऱ्हाईकाकडे बघतो. वयस्कर आणि कमी बोलणारा.

"मला मॅक्रो लेन्स हवीय," ती म्हणाली. "वापरलेली चालेल. शंभरची. फार महाग नको."

"विषय काय?"

"फुलं."

"फूल हलतं का?"

"खूप."

"वाऱ्याने?"

"नाही, स्वतःच. आणि थोडं जास्त धरलं तर रडतं."

दुरुस्तीवाल्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की तो बराच दयाळू दिसतो. ठकीच्या आईला काय झालं कोण जाणे, गेले तेरा दिवस जिन्यात, फोनवर, कुंड्यांपुढे आवरून धरलेलं सगळं तिने त्या जिन्याखाली सांगून टाकलं. चिठ्ठी, अडीच पानं, समिती, हुंगणं, नळ्या, तिवई, खिडकी. तो ऐकत होता. मध्येच त्याने तिला बसायला स्टूल दिलं.

"फोटो कशाचा हवाय?" त्याने शेवटी विचारलं.

"सांगितलं ना. डोक्यातल्या ठिपक्याचा."

"ठिपका कशावर आहे?"

"केसावर."

"मग केस आणा. डोकं कशाला आणताय?"

पदवीला असताना ठकीच्या आईने पानांचे शेकडो काप काचपट्टीवर ठेवून पाहिले होते. एकदाही तिने कोणाला झाड प्रयोगशाळेत आणायला सांगितलं नव्हतं.

"एक केस कापा," तो म्हणाला. "काचेवर टेपने चिकटवा. तो हलत नाही, हुंगत नाही. मग तुम्हाला शंभरची नको, साठचीही नको." त्याने खणातून एक जुनी, हाताने फिरवायची पन्नासची लेन्स काढली, तिच्या तोंडावर एक अंगठीसारखं कडं फिरवून बसवलं आणि ती कॅमेऱ्याला उलटी लावली. लेन्सचा मागचा भाग पुढे आला.

"उलटी?"

"उलटी लावली की जवळचं दिसतं. सोमवारी परत आणून द्या. कडं तुमचं, त्याचे पैसे द्या. लेन्स मी विकत नाही, ती माझ्या बायकोची आहे." असं म्हणून त्याने भिंग परत डोळ्याला लावलं, म्हणजे विषय संपला.

रविवारी सकाळी दिवाणखान्यात प्रयोग झाला. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. त्यावर आईने बटर पेपरचा पडदा धरला, म्हणजे उजेड मऊ होतो. तिवईवर कॅमेरा खाली तोंड करून. नवऱ्याला हलायची, बोलायची आणि शक्यतो श्वास घ्यायची मनाई. ठकीने आपला केस स्वतःच्या हाताने दिला, आणि तो परत मिळणार का ते विचारून घेतलं. आता प्रयोग म्हटला की तुलना हवी. ठिपके असलेला केस आणि निरोगी केस, शेजारी शेजारी. निरोगी केस म्हणून आईने आरशात बघून स्वतःच्या कानामागचा एक कापला. दोन काचपट्ट्या, दोन चिठ्ठ्या. 'अ' म्हणजे ठकी, 'ब' म्हणजे आई.

उलट्या लेन्समधून स्पष्ट दिसणारा भाग केसाच्या जाडीएवढाच असतो. कॅमेरा एक दोऱ्याभर वर-खाली झाला तरी सगळं धूसर. चाळीस फोटोंमधले अडतीस फुकट गेले. उरलेले दोन तिने संगणकावर मोठे करून उघडले.

एकावर केसाभोवती पांढरा, वेडावाकडा, भुसभुशीत पापुद्रा होता. मोज्याची घडी सुटावी तसा तो केसावर सैल बसला होता. कोंडा. निखळ कोंडा. दुसऱ्यावर एका बाजूला चिकटलेला, तिरपा, लांबट थेंब होता. काचेसारखा चकचकीत, आणि वरच्या टोकाला बारीक झाकण. इतकी सुबक लीख तिने पुस्तकातही पाहिली नव्हती.

"अरे वा," नवरा श्वास सोडून म्हणाला. "काय साफ आलीय! ठकीची ना ही?"

आईने चिठ्ठ्या पाहिल्या. मग काचपट्ट्या पाहिल्या. मग पुन्हा चिठ्ठ्या.

"ठकीचा तो 'अ'," ती म्हणाली. "कोंड्याचा."

"मग ही 'ब' कोणाची?"

तिचा हात आपोआप कानामागे गेला होता. ठकीने संगणकाजवळ येऊन फोटो पाहिला आणि म्हणाली, "आई, तुझं छान आलंय."

सोमवारी सकाळी तिने लेन्स जिन्याखाली पोचवली. दुरुस्तीवाल्याने ती पुसून खणात ठेवली. मग चार दिवस 'ब' फोटो खणात आणि 'अ' फोटो पाकिटात होता. तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर समितीने ठकीच्या केसाचा फोटो मागितला होता, आईच्या नव्हे. 'अ' एकटा पाठवला असता तर शनिवारी ठकीची आई ताठ मानेने घरी आली असती. पण ठकी रोज तिच्या कुशीत, तिच्याच उशीवर डोकं टेकून गोष्ट ऐकते. आज नाहीतर उद्या तो चकचकीत थेंब इकडून तिकडे गेला असता, आणि पोरगी पुन्हा त्या खिडकीशी. औषध तर लावायलाच हवं होतं, घरातल्या सगळ्यांना. आणि गंमत अशी, की ज्या बाईला हे सांगायचं तिच्याच विरुद्ध तिने अडीच पानं लिहिलेली होती.

शुक्रवारी दुपारी ती दोन्ही फोटो घेऊन शाळेत गेली.

नर्सबाईंची खोली म्हणजे एक वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी आणि पहिलीच्या मुलांसाठी केलेली चार स्टुलं. त्यातल्या एकावर ठकीची आई बसली तेव्हा तिचे गुडघे हनुवटीला लागले. अशा अवस्थेत माणसाला मान ताठ ठेवता येत नाही. नर्सबाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, केस घट्ट अंबाड्यात बांधलेल्या. त्यांनी 'अ' फोटो खिडकीशी नेऊन बघितला. बराच वेळ बघितला.

"कोंडाच आहे," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं. साडेतीनशे डोकी, दोन दिवसांत. शेवटी शेवटी सगळंच पांढरं दिसायला लागतं." मग त्यांनी दुसरा फोटो उचलला. "ही मात्र अस्सल! किती नेटकी आलीय. कोणाची?"

"माझी."

ठकीच्या आईने खाली बघितलं. बाई हसतील, असं तिला वाटलं होतं. हसल्या असत्या तर ते बरोबरच होतं. नर्सबाईंनी फोटो ठेवला, हात धुतले आणि तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "मान खाली घ्या."

बोटं हळूच केसांत शिरली. बट वेगळी केली, कानामागे बघितलं, मानेवर बघितलं, पुन्हा दुसरी बट. ठकीची आई सहा वर्षं दुसऱ्याचं डोकं बघत होती. तिचं डोकं शेवटचं कोणी बघितलं होतं ते तिला आठवेना. त्या छोट्या स्टुलावर तिला जवळजवळ झोप लागली.

"चार-पाच आहेत, जास्त नाहीत. आज औषध, आठवड्याने पुन्हा. पोरीला आणि साहेबांनाही लावा, खबरदारी म्हणून." नर्सबाई समोर आल्या. "आता हरकत मागे घेतल्याचा अर्ज द्या, म्हणजे समितीचं काम नाही. फेरतपासणीचा शेरा मी आत्ता लिहिते."

ठकीच्या आईने तिथूनच ताईला फोन लावला.

"एक ओळ," ताई म्हणाली. "'हरकत मागे घेत आहे.' सही, तारीख. कारण लिहू नकोस. कारण लिहिलंस तर मला बहीण म्हणू नकोस."

तिने एक ओळ लिहिली. हात शिवशिवत होते, पण कारण लिहिलं नाही. नर्सबाईंनी शेरा मारला, शिक्का उठवला आणि जुनी फाइल बंद करायला खणातून काढली. तिच्यात ते अडीच पानी पत्र होतं, चार घड्या पडून मऊ झालेलं.

"तुमचं अक्षर चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मी दोनदा-तीनदा वाचलं. मला इतकं लांब पत्र कोणी लिहीत नाही. सही करतात आणि परत पाठवतात."

ठकीच्या आईने जे मनात आलं ते विचारलं. "बाई, तुमचं डोकं कोण बघतं?"

"माझं?" नर्सबाई हसल्या. "घरी मी आणि आरसा. आरशाला मागचं दिसत नाही." मग दार लोटलेलं आहे ना ते बघून त्यांनी आवाज खाली केला. "खरं सांगू? दोन महिने खाजतंय. रोज इतकी डोकी हाताळायची, लागणारच. पण सांगू कोणाला? चिठ्ठी मीच काढते ना. माझ्या नावाची कोणाच्या घरी पाठवू?"

ठकीची आई उठली, हात धुतले आणि स्टूल पुढे ओढलं. "बसा," ती म्हणाली.

नर्सबाईंनी अंबाड्याच्या पिना एकेक करून काढल्या आणि वजनकाट्यावर ठेवल्या. काटा हलला नाही. त्या स्टुलावर बसल्या, चष्मा काढून मांडीवर घेतला आणि मान खाली घातली. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. पटांगणात ठकी आणि दोन वेण्यांची एकमेकींना काहीतरी ओरडून सांगत होत्या, दोघी एकाच वेळी, म्हणजे ऐकत कोणीच नव्हतं. आत ठकीची आई एकेक बट वेगळी करत होती. डाव्या कानामागे सहा निघाल्या, उजव्या बाजूला तीन.

मोजणीकाका अजून कुंडी घेऊन येतात. त्यांना खरं काय ते सांगून टाकलं, तर म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फुलाकडे बघणारं माणूस दर मिनिटाला पोरीच्या डोक्याकडे बघत नाही." प्रदर्शन मात्र ते भरवणारच आहेत. जागा मोजून झाली आहे.

ठकीच्या आईचं मात्र तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या मुलांच्या शाळेतही अशा एक बाई असतील, वजनकाट्याच्या खोलीत बसणाऱ्या, तुमच्या घरी चिठ्ठी पाठवणाऱ्या. चिठ्ठीवर मुकाट्याने सही करा, त्याबद्दल वाद नाही. पण सही केलेली चिठ्ठी मुलाच्या दप्तरात घालून देऊ नका. एकदा स्वतः घेऊन जा, दार लोटून घ्या आणि त्यांना विचारा, तुमचं डोकं बघायला कोणी आहे का म्हणून. त्या आधी 'काही नाही हो' म्हणतील. तुम्ही तोवर हात धुऊन घ्या.